उजवं चाक

विमानाच्या कामात होतो असं कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मग उडवलं का कधी?" दुसरा प्रश्न पंखांबद्दल, तिसरा इंजिनाबद्दल. चाकांबद्दल मला आजवर एकाही माणसाने विचारलेलं नाही. विमान हवेत असतं तेव्हा चाकं म्हणजे नुसती लोंबणारी अडगळ, हे खरं. पण खाली तर सगळ्यांनाच यायचं असतं. आणि खाली आल्यावर सगळा भार, सगळा वेग आणि आत बसलेल्याचा जीव त्या चाकांवर आणि तळहाताएवढ्या ब्रेकवर येतो. ते काम माझ्याकडे होतं आणि मी ते उत्तम करायचो. हे मी नम्रपणे वगैरे सांगत नाही. नम्रपणाने माझं फार वाटोळं केलं आहे.

आम्ही मूळचे खानदेशातले. आबा, म्हणजे माझे वडील, लग्नाआधीच सुरतेला आले आणि उधन्याकडे एका शेठच्या कारखान्यात लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवायला लागले. त्याच कारखान्यात त्यांचे केस पिकले. घरात आम्ही अहिराणी बोलायचो, गल्लीत गुजराती आणि कामावर हिंदी. मी आयटीआय करून फिटर झालो तेव्हा आबांची एवढीच इच्छा होती की पोराने लूमच्या खडखडाटात कान घालवू नयेत. त्यांचे स्वतःचे गेलेच होते. त्यांच्याशी बोलायचं तर समोर उभं राहून, तोंड दाखवून बोलावं लागे.

शेठना विमानाचा शौक होता. शहराबाहेर डुमसच्या रस्त्याला एक धावपट्टी होती, तिथे एक लहानसा फ्लाइंग क्लब होता आणि शेठ त्याचे अध्यक्ष होते. क्लबकडे दोन माणसांचं एक विमान, एक ग्लायडर आणि पत्र्याचा एक हँगर, एवढाच पसारा. आबांनी एकदा हिंमत करून शेठपुढे माझा विषय काढला आणि शेठ म्हणाले, पाठवून दे. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. मी जुन्या सायकलवरून हँगरच्या दाराशी उतरलो तेव्हा आत एक उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ हातात वर्तमानपत्र घेऊन उभे होते. ते क्लबचे इंजिनिअर. मूळचे पुण्याचे, हवाई दलातून निवृत्त झालेले. त्यांची सही झाल्याशिवाय ते विमान हँगरबाहेर जात नसे.

साहेबांनी मला शिकवलं. हे मला नाकारता येत नाही आणि याचाच राग सगळ्यात जास्त आहे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला चाक खोलायला लावलं. विमानाच्या चाकाची रिम दोन अर्ध्यांची असते, बोल्टांनी जोडलेली. मी पाना लावला आणि त्यांनी माझा हात धरला. "आधी हवा सोड. पूर्ण. आत हवा असताना हे बोल्ट सैल केलेस तर अर्धी रिम तुझ्या छातीत येईल आणि तुझ्या आईला मला तोंड दाखवावं लागेल." मग ट्यूबला पावडर कशी लावायची, टायरच्या पोटात वाळूचा एक कणही का राहता कामा नये, बेअरिंग पेट्रोलने धुवून तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन ते कसं दाबत दाबत भरायचं, पलीकडून ग्रीस डोकावेपर्यंत, आणि नंतर जास्तीचं कसं पुसून काढायचं, हे सगळं त्यांनी दाखवलं. फेल्टचं सील बसवताना म्हणाले, "ग्रीसची जागा बेअरिंगमध्ये. ब्रेकवर तेलाचा थेंब गेला तर हे डिस्कला दाबणारं लायनिंग फेकून द्यायचं. धुवायचं नाही, भाजायचं नाही, फेकायचं. ते तेल पिऊन बसतं आणि गरम झालं की ओकतं. भिजलेलं लायनिंग म्हणजे गेलेलं लायनिंग."

हे वाक्य मी त्यांच्याच आवाजात अजून ऐकतो.

माझं मराठीही त्यांनीच सुधारलं. मी 'शे' म्हटलं की ते 'आहे' म्हणायला लावायचे. डब्यातली पोळी मला द्यायचे आणि माझी कळण्याची भाकरी आवडीने घ्यायचे. सुरतेत मराठी शिकल्या-सवरल्या माणसांची बँकेतली, शाळेतली, सरकारी कचेऱ्यांतली एक वेगळी वस्ती होती आणि आम्ही लूमवाले त्या वस्तीत फक्त गणपतीच्या वर्गणीपुरते ओळखीचे. त्या वस्तीतल्या एका माणसाने मला 'अरे, ये, बस' म्हटलं होतं. आज मी जे लिहितो आहे ती भाषा त्यांच्याकडून आली, आणि त्यांच्याबद्दल वाईट लिहायलाही मला तीच वापरावी लागते आहे.

ग्लायडरचं चाक वेगळं. पोटाखाली एकच, त्याला मोपेडच्या जातीचा ड्रम ब्रेक आणि ओढायला केबल. पावसाळ्यानंतर पट्टीच्या कडेची काळी माती त्या चाकाच्या खोबणीत अशी गच्च बसायची की मी आडवा झोपून लाकडाच्या चिपेने ती कोरून काढायचो. लोखंडी खिळ्याने कोरलं तर टायरला जखम होते. समुद्र जवळ असल्याने हवा खारी. विमान दोन दिवस उभं राहिलं तरी ब्रेकच्या डिस्कवर गंजाची तांबूस साय धरायची. ती मी बारीक पॉलिश पेपरने घासून काढायचो. माझ्या डिस्क लख्ख असायच्या. साहेब कधीकधी वाकून त्यात बघून मिशीवरून हात फिरवायचे. तो माझा पगार होता असं मी तेव्हा समजायचो. मूर्ख होतो.

टायर आणि रिम यांच्यावर आम्ही एक आडवी लाल रेघ मारायचो, अर्धी रबरावर, अर्धी लोखंडावर. जोरात ब्रेक लागले की टायर रिमवर थोडा सरकतो, मग ट्यूबचा व्हॉल्व्ह ओढला जातो. रेघ जुळली तर ठीक, तुटली तर टायर सरकला. मला त्या रेघा मारायला आवडायचं.

मला परीक्षा द्यायची होती. विमानाच्या देखभालीचं लायसन्स मिळालं की माणूस स्वतः सही करू शकतो. त्याची सही असली की विमान जातं आणि नसली की जात नाही. आमच्या गल्लीत कुणाच्याच सहीला असली किंमत नव्हती. बऱ्याच जणांचा अंगठाच होता. परीक्षेला बसायला मी इतकी वर्षं हाताखाली काम केलं असं लायसन्सवाल्या इंजिनिअरने लिहून द्यावं लागतं. माझी मुदत त्या हिवाळ्यात भरत होती. साहेबांनी स्वतः होऊन म्हटलं होतं, "दिवाळी झाली की तुझं करून टाकू." आबांनी हे अख्ख्या कारखान्यात सांगितलं होतं.

आणि मग दसरा आला.

सुरतेत दसऱ्याला यंत्राची पूजा करणार नाही असा माणूस सापडायचा नाही. आदल्या दिवशी लूम धुतात, हार घालतात, दसऱ्याला कुंकू लावतात आणि मुहूर्ताला चार हात कापड विणून यंत्र बंद करतात. शेठच्या घराची आणखी एक रीत होती. घरातली सगळ्यात मोठी बाई यंत्राला पहिलं तेल द्यायची. शेठची आई, जिला सगळे बा म्हणायचे, वर्षानुवर्षं दसऱ्याच्या सकाळी कारखान्यात येऊन प्रत्येक लूमच्या बेअरिंगमध्ये चमच्याने तेल सोडायची आणि तेलात कालवलेल्या शेंदराने वर साथिया काढायची. साथिया म्हणजे आपलं स्वस्तिक. आबांना त्याचं फार कौतुक होतं. एवढ्या मोठ्या घरची बाई आपल्या लूमसमोर वाकते, म्हणायचे.

त्या वर्षी शेठच्या जावयाला नुकतंच उडवायचं लायसन्स मिळालं होतं. म्हणून शेठनी ठरवलं की पूजा हँगरवर करायची आणि मुहूर्ताचं उड्डाण जावयाने करायचं. मी आदल्या दिवशी विमान पुसलं, टायरमधली हवा बघितली, डिस्क घासल्या. सकाळी मोटारी आल्या. साड्या, पेढे, झेंडूचे हार, एक महाराज. मी विमानाच्या नाकावरच्या पंख्याच्या टोकाला हार बांधून दिला, कुंकू कुठे लावायचं ते महाराजांना दाखवलं, आणि नारळ विमानापासून लांब, दगडावर फोडायला लावला. माझं सगळं लक्ष नारळाकडे होतं. नारळाची करवंटी पट्टीवर पडली आणि टायरखाली आली तर काय, या काळजीत मी वाकून तुकडे वेचत होतो.

मागे वळलो तेव्हा बा पंखाखाली होती. ते विमान उंच पंखांचं, त्यामुळे म्हातारी बाई सहज खाली जाऊ शकायची. तिने टायरवरची लाल रेघ बघितली आणि खूश होऊन सुनेला म्हणाली, "जो, अहीं तो पहेलेथी ज चांदलो करेलो छे!" तिला वाटलं, ही पोरं रोजच चाकाला कुंकू लावतात. मग ती चाकाच्या आतल्या अंगाला वाकली. तिथे माझी डिस्क चकाकत होती. अख्ख्या विमानात एवढी चकाकणारी दुसरी वस्तूच नव्हती. तिने शेंदराची वाटी उचलली, बोट बुडवून डिस्कवर साथिया काढला, आणि मग रीतीप्रमाणे चमचाभर तेल आसाजवळ सोडलं. "मशीनने तेल तो आपवुं ज पडे ने," म्हणाली. मशीनला तेल तर द्यायलाच हवं. मी हातातले तुकडे टाकून पोचेपर्यंत तेल डिस्कवरून ओघळत लायनिंगच्या फटीत गेलं होतं.

एकाच चाकाला. उजव्या. शुभ काम उजव्या बाजूने करतात. तिने दोन्ही चाकांना तेल दिलं असतं तर दोन्ही ब्रेक सारखेच घसरले असते, विमान सरळ लांबपर्यंत गेलं असतं आणि पट्टीच्या टोकाला थांबलं असतं. पण ती भाविक होती, आणि तिला उजवं-डावं बरोबर कळत होतं.

मला बाचा राग तेव्हाही आला नाही. तिने लूमवर जे आयुष्यभर केलं तेच केलं होतं. मी धावत साहेबांकडे गेलो. ते शेठशेजारी उभे होते, कपाळाला टिळा, हातात पेढा.

"साहेब, उजवं लायनिंग तेलात भिजलंय. बदलावं लागेल. कपाटात नवं आहे, तासाभरात करतो."

साहेबांनी विमानाकडे बघितलं, मग घड्याळाकडे, मग शेठकडे. शेठनी विचारलं, "शुं थयुं?" साहेब म्हणाले, "काही नाही, काही नाही." शेठ म्हणाले की मुहूर्त चुकेल.

"किती तेल आहे असं?" साहेब मला हळू आवाजात म्हणाले. "पुसून घे. धावपट्टीपर्यंत जाता जाता दोनदा ब्रेक दाबले की जळून जाईल."

"साहेब, तुम्हीच सांगितलं होतं ना, भिजलेलं लायनिंग फेकायचं म्हणून?"

"मीच सांगितलं होतं ना? मग आताही मीच सांगतोय. हो बाजूला."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी चारचौघांत म्हणालो की हे विमान जाऊ नये. मराठीत म्हणालो, मग हिंदीत म्हणालो. बायका बघायला लागल्या. शेठनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी सणाच्या ताटात थुंकलो होतो. साहेबांनी माझ्या दंडाला धरून मला हँगरच्या भिंतीपर्यंत नेलं आणि खिशातलं पेन काढून सही केली.

उड्डाण झालं. एक चक्कर. टाळ्या वाजल्या. विमान खाली आलं, टेकलं, नाकाचं चाक टेकलं, आणि जावयाने ब्रेक दाबले. डावा धरला. उजवा धरला नाही. विमान डावीकडे वळायला लागलं, नवशिक्या माणसाने घाबरून दोन्ही पाय आणखी जोरात दाबले, आणि ते पट्टी सोडून पावसाने मऊ झालेल्या काळ्या मातीत शिरलं. नाकाचं चाक रुतून मोडलं. पंखा जमिनीत घुसला आणि वाकला. जावयाची हनुवटी फाटली, मनगट मोडलं. जीव वाचला. मी तिकडे पळत जात असताना माझ्या तोंडातून साहेबांना जी शिवी गेली ती इथे लिहीत नाही, पण ती परत घेतलेलीही नाही.

जावयाला मोटारीत घालून नेलं. बा धावपट्टीच्या कडेला खुर्चीवर बसून रडत होती आणि एकच विचारत होती, "मारा हाथे कंई खोटुं थयुं?" माझ्या हातून काही वाईट झालं का. शेठ तिच्या पायाशी उकिडवे बसून म्हणत होते, ना बा, ना, तमारा हाथे नहीं. त्या क्षणी सगळं ठरलं असावं. सणाच्या दिवशी आईच्या हातून जावयाचं रक्त सांडलं, हे त्या घरात कुणी बोलूच शकत नव्हतं. मग दुसरा कुणाचा तरी हात लागणार होता.

संध्याकाळी विमान ओढून हँगरमध्ये आणलं. मी पाणी प्यायला बाहेर गेलो होतो, परत आलो तर साहेब उजव्या चाकापाशी खाली बसले होते. इतक्या वर्षांत त्या माणसाने माझ्यासमोर कधी चिंधी हातात धरली नव्हती. आता त्यांच्या हातात पेट्रोलमध्ये भिजवलेली चिंधी होती, ती नारंगी झाली होती, आणि ते माझी डिस्क पुसत होते. अगदी नीट, कोपऱ्याकोपऱ्यातून, मला शिकवलं होतं तसंच. बाजूला ग्रीसचा डबा उघडा होता. त्यांनी वर बघितलं. मला वाटलं ते काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "उद्या उशिरा आलास तरी चालेल."

क्लबच्या समितीपुढे साहेबांनी सांगितलं की उजव्या चाकाच्या बेअरिंगमध्ये ग्रीस प्रमाणाबाहेर भरलं होतं, ते गरम होऊन ब्रेकवर आलं. मुलगा मेहनती आहे, पण हात अजून तयार नाही. शेंदराचा उल्लेख कुठेच नव्हता. सांगितलेलं सगळं पटण्यासारखं होतं, असं होऊ शकतं. माझ्या हातून मात्र झालं नसतं. दुसरा काहीही आरोप केला असता, मी विमानाचं पेट्रोल विकलं म्हणाले असते, तरी मला इतकं लागलं नसतं. बेअरिंग ही माझी सगळ्यात चांगली गोष्ट होती.

मी घरी आबांना सगळं सांगितलं. त्यांच्यासमोर बसून, तोंड दाखवून, मोठ्याने. चमचाभर तेल, उजवं चाक, लायनिंग, नारंगी चिंधी. माय चुलीजवळून ऐकत होती. आबा माझ्या ओठांकडे बघत राहिले आणि शेवटी म्हणाले, "साहेब इतला मोठा माणूस शे. तो खोटं कसाले बोली?"

"म्हणजे मी खोटं बोलतोय?"

"तुनाकडथून चूक व्हई गई व्हई. मानी ले. हात जोडी ले."

मी ताट ढकलून उठलो. मला शेठचा राग होता, साहेबांचा होता, पण ते परके होते. बापाने माझं ऐकून घेऊन मला खोटं ठरवलं, हे माझ्या काळजात रुतलं. कारखान्यातून आबांना निरोप आला होता, हे मला माहीत होतं. मुलाने चूक कबूल करून माफी मागितली तर प्रकरण इथेच मिटवू, पोराचं भविष्य खराब करायचं नाही, इंजिनिअरसाहेब त्याचं परीक्षेचं कामही करून देतील. आबा दोन दिवस माझ्यामागे लागले. मायने जेवण सोडलं. मी म्हणालो, चला.

पर्वत पाटियाच्या पुढे शेठचं कापडाचं दुकान होतं. पांढरी गादी, तक्के, साड्यांचे गठ्ठे, वर फिरणारा पंखा. समितीची चार माणसं बसली होती, साहेब एका बाजूला. आम्ही चपला बाहेर काढून उभे राहिलो. आबांनी टोपी काढून हातात घेतली होती. मी त्यांना टोपीशिवाय फक्त झोपलेलं बघितलं होतं. त्यांनीच आधी हात जोडले आणि मोडक्या गुजरातीत म्हणाले, शेठ, पोरगं नादान आहे, माफ करा. मग त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात मला पुढे ढकलत होता.

मी म्हणालो, "ग्रीस जास्त भरलं गेलं. माझी चूक झाली."

साहेब पंख्याकडे बघत होते. शेठ म्हणाले, बस, वात पूरी, विषय संपला, आणि आम्हाला चहा मागवला. मी तो प्यायलो नाही. आबांनी दोन्ही कप प्यायले, कारण शेठचा चहा टाकणं बरं दिसत नाही.

दिवाळी झाली. मी साहेबांपुढे उभा राहिलो आणि परीक्षेच्या कागदाचं विचारलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"हे बघ," ते म्हणाले, "चार माणसांपुढे तू स्वतःच्या तोंडाने कबूल केलं आहेस की तुझ्या हातून ग्रीस जास्त भरलं गेलं. आता मी तुला काम येतं म्हणून कसं लिहून देऊ? उद्या कुठे काही झालं तर माझी सही अडकेल. थोडी वर्षं जाऊ दे."

"साहेब, ग्रीस जास्त नव्हतं. तुम्हाला माहीत आहे."

"मला काय माहीत आहे त्याचा प्रश्न नाही. तू काय बोललास त्याचा आहे."

मी ग्रीसचा डबा लाथेने उडवला. तो जाऊन पत्र्यावर आपटला आणि आवाज हँगरभर घुमला. साहेब दचकले, एवढंच काय ते माझ्या हाती लागलं. मी सायकल घेऊन निघालो ते परत त्या रस्त्याला गेलो नाही. काही महिने इच्छापोरला ठेकेदाराकडे पाइप वाहिले. मग कामरेजला हायवेवर ट्रकच्या टायरच्या दुकानात लागलो आणि तिथेच राहिलो. ट्रकचं चाक खोलतानाही मी आधी हवा सोडायचो. बाकीचे हसायचे. टायर बसवला की हात आपोआप लाल रंग शोधायचा.

आबा शेठकडेच लूम चालवत राहिले. मी घरी त्यांच्याशी बोलणं कमी केलं. त्यांना ऐकू कमी येतं हे मला फार सोयीचं झालं. लग्न झालं, सगळं रीतसर झालं, पण त्यांच्यासमोर बसून, तोंड दाखवून मी परत कधी काही सांगितलं नाही. माझं म्हणणं स्वच्छ होतं. ज्या बापाला पोराच्या हातापेक्षा साहेबाचा शब्द खरा वाटतो, त्याला सांगायचं काय? या रागाने मला बरीच वर्षं चांगलं उभं ठेवलं. सगळे खोटे आणि मी एकटा खरा, असं मानून माणूस चांगलं जगू शकतो.

दशक संपत आलं तेव्हा मी एक जुनी मोटरसायकल घेतली. दसऱ्याला माझी बायको पूजेचं ताट घेऊन दारात आली. हार, हळद, आणि वाटीत तेलात कालवलेला शेंदूर. ती पुढच्या चाकापाशी बसली आणि चाकाच्या मधल्या चकाकत्या भागावर बोट टेकवणार, तेवढ्यात ओट्यावर बसलेले आबा हात टेकून उठले.

"चाकले नको लावू बेटा," ते म्हणाले. "तेल बिरेकमा जास. हँडलले लाव."

बायकोने बोट मागे घेतलं. मी गाडीच्या पलीकडे उभा होतो. मी वळसा घालून आबांच्या समोर गेलो, त्यांना माझं तोंड दिसेल असा.

"आबा, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना प्रश्नच कळला नाही असं वाटलं. मग ते अगदी साधेपणाने म्हणाले, "तूच नही का सांगेल व्हतं, त्या रोज."

म्हणजे त्यांनी त्या संध्याकाळी माझा शब्द न् शब्द ऐकला होता. ऐकला होता, समजला होता आणि खरा मानला होता. इतका खरा, की आपल्या सुनेचं बोट ते अडवत होते. माझं खरं आहे हे माहीत असताना त्यांनी टोपी काढली होती. माझं खरं आहे हे माहीत असताना तो हात माझ्या पाठीवर ठेवला होता आणि मला पुढे ढकललं होतं. त्यांनी मला खोटं समजलं असतं तर किती बरं झालं असतं. माझ्याकडे राग तरी राहिला असता.

"मग तेव्हा का नाही बोललात?" मी ओरडलो. बायको घाबरून बघायला लागली. आबा कानामागे हात धरून उभे राहिले आणि मान हलवली, ऐकू येत नाही अशी. ऐकू आलं होतं की नाही ते मला आजही सांगता येत नाही.

बायकोने हँडलवर साथिया काढला आणि म्हणाली, मुहूर्ताला एक चक्कर मारून या. मी गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेली आणि तिथे जोरात ब्रेक दाबला. उत्तम लागला.